भुसभुशीत हिम आणि स्वस्त तिकीट



आज ज्या खेळाविषयीं बोलावयाचें आहे, त्याचा आपल्या सह्याद्रीशीं कांहीं संबंध नाहीं. थंडीच्या एखाद्या पहांटे महाबळेश्वरास गवतावर दंव गोठतें, एवढाच महाराष्ट्राचा हिमाशीं परिचय. परंतु मराठी माणूस आतां अमेरिकेंत व जपानांत नोकरीस राहूं लागला आहे आणि जानेवारींत मुंबई-पुण्याहून सहकुटुंब गुलमर्गलाही जाऊं लागला आहे. त्यामुळें पायांना लांब पट्ट्या बांधून हिमाच्छादित उतारावरून घसरत येण्याचा हा खेळ, ज्याला स्कीइंग म्हणतात, आपल्याही घरांत येऊन पोंचला आहे. आणि खेळाबरोबर अर्थातच त्याचा खर्च.

हा खेळ ज्याला थोडाबहुत जमूं लागला, त्याच्या मनांत दोन इच्छा उत्पन्न होतात. पहिली, उत्तम हिम मिळावें. दुसरी, डोंगरावर चढविणाऱ्या लिफ्टचें तिकीट स्वस्तांत मिळावें. दोन्ही इच्छा रास्त आहेत. परंतु त्या दोन विरुद्ध दिशांना ओढतात, हें मात्र फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. हिम केव्हां पडणार हें भरंवशानें कळतें तें तीन-चार दिवस अगोदर. स्वस्त तिकीट घ्यावयाचें तें तीन-चार महिने अगोदर. हिम म्हणतें, शेवटपर्यंत थांबा. सवलत म्हणते, आजच ठरवा. या दोघींचें भांडण कसें मिटवावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम उत्तम हिम म्हणजे काय तें पाहूं. नुकतेंच पडलेलें, कोणीं न तुडविलेलें, कोरडें आणि हलकें असें जें हिम, त्यास स्की खेळणारे 'पावडर' म्हणतात. आपल्याकडील पिठीसाखरेची रास डोळ्यांपुढें आणावी. हातांत घेतलें तर त्याचा गोळा वळत नाहीं. फुंकर मारली तर उडतें. अशा हिमांतून गुडघाभर बुडून खालीं येतांना पट्ट्यांचा खरखर आवाज होत नाहीं, पडलें तरी लागत नाहीं, आणि आपण पाण्यावर तरंगत आहों असें वाटतें. या थोड्या क्षणांसाठीं लोक अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करतात.

हें हिम सर्वत्र सारखें कां पडत नाहीं, याचा शोध जपानांतील सप्पोरो येथें लागला. होक्काइदो विद्यापीठांतील पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनीं १९३६ सालीं प्रयोगशाळेंत पहिला कृत्रिम हिमकण तयार केला, आणि हवेचें उष्णतामान व तींतील बाष्प या दोहोंवर हिमकणाचा आकार अवलंबून असतो हें दाखवून दिलें. ढगांतील उष्णतामान शून्याखालीं सुमारें १५ अंश सेल्सियस असतां, फांद्या फुटलेल्या तारकेसारखे सहा पाकळ्यांचे कण बनतात. असे कण एकमेकांवर पडले म्हणजे त्यांच्या फांद्यांमध्यें हवा कोंडून राहते, आणि हिम हलकें होतें. हवा याहून उबदार झाली किंवा वाऱ्यानें कणांच्या फांद्या मोडल्या, कीं तेंच हिम दडपून जड होतें.

हलकेपणा मोजण्याचें माप सोपें आहे. हिम वितळवून त्याचें पाणी किती होतें तें पाहावयाचें. ठोकळ मानानें दहा इंच हिमाचें एक इंच पाणी होतें असें धरतात. अमेरिकेंतील यूटाह राज्यांत वासॅच पर्वतांतील हिमांत पाण्याचा अंश सरासरीनें शेंकडा आठ-साडेआठ भरतो. पॅसिफिक महासागराच्या जवळच्या सिएरा नेवाडा पर्वतांत तो शेंकडा बाराच्या आसपास जातो, म्हणून तेथील जड हिमास लोक थट्टेनें 'सिएरा सिमेंट' म्हणतात. मात्र केवळ हलकेपणानें काम भागत नाहीं. यूटाहचे हवामानशास्त्रज्ञ जिम स्टीनबर्ग यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत हें चांगलें विशद केलें आहे. वादळाच्या आरंभीं जरा जड आणि शेवटीं अगदीं हलकें हिम पडलें, तर खालच्या थरावर पाय तोलतो आणि वरच्या थरांत माणूस तरंगतो. उलट क्रमानें पडलें तर हलक्या थरावर जड थर बसतो; तेथें पट्ट्या अडकतात आणि हिम घसरण्याचाही धोका वाढतो.

आतां तीन डोंगर शेजारीं शेजारीं ठेवून पाहूं. म्हणजे स्थान निवडतांना काय विचारावें तें आपोआप उमगेल.

पहिला डोंगर होक्काइदो बेटावरील निसेको. तेथील आन्नुपुरी शिखराची उंची आहे अवघी १,३०८ मीटर. म्हणजे तें आपल्या १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईहूनही ठेंगणें आहे. तरीसुद्धां तेथें एका हिंवाळ्यांत १४-१५ मीटर हिम पडतें. कारण उंचीचें नसून वाऱ्याचें आहे. सैबेरियांतून निघालेला कोरडा व अतिशीत वारा जपानच्या समुद्रावरून येतो. तो समुद्र त्या मानानें उबदार असल्यामुळें वारा वाटेंत बाष्प पिऊन घेतो, आणि होक्काइदोच्या डोंगरांवर चढतांच तें हिमरूपानें टाकतो. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हा क्रम आठवडेच्या आठवडे चालतो. एकेका दिवशीं फार पडतें असें नव्हे. पण रोज थोडें पडतें. अशा ठिकाणीं महिनाभर आधीं तारखा ठरविल्या तरी पस्तावण्याचा प्रसंग क्वचित् येतो.

दुसरा डोंगर वासॅच. सॉल्ट लेक सिटी या शहराला लागून असलेल्या एका अरुंद खोऱ्यांत आल्टा आणि स्नोबर्ड हीं दोन स्थानें आहेत. आल्टा येथें १९३९ पासून लिफ्ट चालते. स्नोबर्ड १९७१ मध्यें उघडलें. वर्षाची सरासरी सुमारें ५०० इंच, म्हणजे जवळजवळ पावणेतेरा मीटर. जवळच्या विशाल खाऱ्या सरोवरामुळें हें हिम पडतें अशी समजूत पुष्कळ प्रचलित आहे. परंतु अभ्यासाअंतीं असें आढळलें कीं सरोवराचा वाटा लहान आहे, आणि मुख्य कार्य पर्वताच्या उंच भिंतीचें आहे. ढग त्या भिंतीवर आदळून वर चढतात, निवतात आणि रिते होतात. येथें हिम वादळावादळानें येतें. एका वादळांत कमरेएवढें पडेल, आणि पुढील दहा दिवस आकाश निरभ्र राहील.

तिसरा डोंगर आपल्याच देशांतील, काश्मीरचें गुलमर्ग. गांवाची उंची सुमारें २,६५० मीटर. तेथून निघणाऱ्या तारेवरील पाळण्याचा पहिला टप्पा १९९८ मध्यें व दुसरा २००५ मध्यें सुरू झाला. दुसऱ्या टप्प्यानें माणूस अफरवट शिखराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जरा खालीं, येऊन उतरतो. येथील हिम भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी वादळांवर अवलंबून आहे. 'चिल्ला-ए-कलान' म्हणून ओळखले जाणारे डिसेंबरअखेरपासूनचे चाळीस दिवस काश्मीरांत सर्वांत कडक थंडीचे. त्या काळांत व त्यानंतर फेब्रुवारींत वादळें चांगलीं आलीं, तर इतक्या उंचीवर इतक्या कमी खर्चांत असें हिम जगांत फारसें कोठें मिळत नाहीं. पण वादळें चुकलीं, तर डोंगर उघडा पडतो. २०२४ च्या जानेवारींत गुलमर्गचीं कुरणें ऐन हंगामांत हिमावांचून तपकिरी दिसत होतीं. महिनाअखेरीस व पुढें फेब्रुवारींत हिम पडलें. पण ज्यांनीं जानेवारीच्या मध्याचीं तिकिटें काढलीं होतीं, त्यांना त्याचा काय उपयोग!

यावरून स्थान निवडणाऱ्यानें विचारावयाचे प्रश्न निघतात. वार्षिक सरासरी किती, हा पहिला प्रश्न; पण ती किती वर्षांची आणि डोंगराच्या पायथ्याशीं मोजलेली कीं माथ्याशीं, हेंही विचारावें. दोन हिमवृष्टींमध्यें किती दिवसांचें अंतर पडतें, हा दुसरा. आणि माझ्या मतें हाच अधिक महत्त्वाचा. उतार कोणत्या दिशेस आहेत, हा तिसरा. उत्तरेकडील उतारावर ऊन कमी लागतें, म्हणून तेथें हिम चार दिवस टिकतें. दक्षिणेकडे तें दुपारीं वितळतें, रात्रीं गोठतें, आणि दुसऱ्या सकाळीं त्यावर काचेसारखें कवच येतें. झाडी आहे कीं नाहीं, हा चौथा; कारण वाऱ्याच्या दिवशीं उघड्या माथ्यावरचें हिम उडून जातें, झाडांत तें स्वस्थ पडून राहतें. आणि गर्दी किती, हा पांचवा. ताजें हिम ही एकदांच खर्च होणारी संपत्ति आहे. प्रसिद्ध स्थानीं सकाळीं नऊला उघडलेला उतार अकराला नांगरलेल्या शेतासारखा दिसतो. अप्रसिद्ध स्थानीं त्याच्या निम्मेंच हिम पडलें तरी तें तिसऱ्या दिवशींही अस्पर्श सांपडतें.

आतां तिकिटाकडे वळूं. डोंगरावर माणसें बसवून नेणारी पहिली खुर्चीची लिफ्ट अमेरिकेंतील सन व्हॅली येथें १९३६ मध्यें सुरू झाली. ती योजणारे रेल्वे-अभियंते जेम्स करन यांना कल्पना सुचली ती जहाजांत केळ्यांचे घड चढविणाऱ्या यंत्रावरून. त्यांनीं आंकड्यांच्या जागीं खुर्च्या टांगल्या आणि केळ्यांच्या जागीं माणसें बसविलीं. तेव्हांपासून लिफ्टचें तिकीट हाच या खेळाचा टोलनाका झाला. आज कोलोरॅडोंतील मोठ्या स्थानीं, ऐन गर्दीच्या दिवशीं, खिडकीवर जाऊन एका दिवसाचें तिकीट मागितलें तर त्याला ३०० डॉलरांहून अधिक मोजावे लागतात. निसेकोचें दिवसाचें तिकीटही दहा हजार येनच्या पलीकडे गेलें आहे.

हा भाव ऐकून सामान्य माणूस घाबरतो; आणि त्यानें घाबरावें हाच त्या भावाचा एक हेतु आहे. खिडकीवरचें तिकीट महाग ठेवावयाचें आणि हंगामापूर्वीं विकला जाणारा पास स्वस्त करावयाचा, अशी ही युक्ति आहे. व्हेल रिझॉर्ट्स या कंपनीनें २००८ मध्यें 'एपिक पास' काढला, तो ५७९ डॉलरांना. तेवढ्यांत तिच्या स्थानांवर हंगामभर खेळावयास मोकळीक. त्याच्या स्पर्धेंत २०१८ मध्यें 'आयकॉन पास' निघाला. लहान स्थानांसाठीं २०१९ मध्यें 'इंडी पास' आला. त्याची पहिली किंमत होती १९९ डॉलर, आणि त्यावर प्रत्येक स्थानीं दोन दोन दिवस मिळत. स्वित्झर्लंडमधील सास-फे या गांवानें २०१६-१७ च्या हिंवाळ्यासाठीं संपूर्ण हंगामाचें तिकीट २२२ फ्रँकांना देऊं केलें. अट एवढीच कीं ९९,९९९ लोकांनीं आधीं नांवें नोंदवावीं. तेवढी संख्या भरली नाहीं. तरी इतक्या लोकांनीं नोंदणी केली कीं, योजना अमलांत आलीच.

कंपन्या एवढ्या उदार कां झाल्या? उत्तर आकाशांत आहे. हिम पडो वा न पडो, लिफ्ट ठेवण्याचा, माणसांच्या पगाराचा आणि कर्जाच्या व्याजाचा खर्च चुकत नाहीं. पूर्वीं एखादा हिंवाळा कोरडा गेला कीं मालक बुडे. आतां लोक वसंतऋतूंतच पुढील हिंवाळ्याचे पैसे भरतात, आणि हिम न पडण्याची जोखीम मालकाच्या खांद्यावरून उतरून खेळाडूच्या खांद्यावर येते. म्हणजे सवलत ही देणगी नव्हे; ती जोखीम पत्करल्याबद्दल आपल्याला मिळणारी मजुरी आहे. एकदां हें समजलें, कीं सवलतीकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलते. 'किती टक्के सूट?' असें न विचारतां 'या सुटीच्या बदल्यांत मीं कोणती जोखीम घेतली?' असें आपण विचारूं लागतों.

एक लहानसा हिशेब करूं. समजा, पासाची किंमत ८०० डॉलर आणि खिडकीवरचें तिकीट २०० डॉलर आहे. चार दिवस खेळलें कीं पास फिटला, असें जाहिरात सांगते. पण तेंच तिकीट दोन आठवडे आधीं घेतलें तर १४० डॉलरांना मिळत असेल, तर खरी तुलना त्या १४० शीं करावयास पाहिजे. मग पास फिटण्यास चार नव्हे, सहा दिवस लागतात. वर्षांतून एकच आठवडा रजा मिळणाऱ्या कुटुंबानें, त्यांतला एक दिवस वादळानें लिफ्ट बंद राहणार आणि एक दिवस मुलाला ताप येणार असें गृहीत धरून, मगच हा हिशेब करावा.

आतां मूळ भांडणाकडे येऊं. हिम उशिरां ठरवूं म्हणतें, सवलत लौकर ठरवूं म्हणते. माझें उत्तर असें कीं, पैसे लौकर बांधावेत, पण दिवस आणि डोंगर मोकळे ठेवावेत. असे पास व अशीं तिकिटें मिळतात कीं ज्यांत दिवसांची संख्या ठरलेली असते, तारीख नसते. अशा पासावर हंगामांतील कोणतेही चार-पांच दिवस निवडतां येतात. मुक्काम डोंगराच्या कुशींतील महागड्या हॉटेलांत न करतां, जेथून अनेक डोंगर जवळ पडतात अशा शहरांत करावा. सॉल्ट लेक सिटींत राहिलें तर आल्टा, स्नोबर्ड, ब्रायटन, सॉलिट्यूड हीं सर्व स्थानें सुमारें तासाभराच्या आंत येतात. रात्रीं हवामानाचा अंदाज पाहावा, आणि सकाळीं जेथें हिम पडलें तेथें जावें. होक्काइदोंत सप्पोरो किंवा असाहिकावा येथें राहूनही असेंच करतां येतें. असाहिकावाजवळच्या कामुई स्की लिंक्ससारख्या स्थानाचें तिकीट निसेकोहून बरेंच स्वस्त आहे, आणि हिमाचा कोरडेपणा मुळींच कमी नाहीं.

याला जोडून कांहीं लहान गोष्टी. स्वस्त पासावर नाताळचा आठवडा आणि अमेरिकेंतील जानेवारी-फेब्रुवारीच्या लांब सुट्ट्या वर्ज्य असतात. त्या तारखा प्रथम वाचाव्या. शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार धरला, तर तिकीटही उतरतें आणि हिमही अधिक काळ उरतें. नवशिक्यानें संपूर्ण डोंगराचें तिकीट मुळींच काढूं नये. पुष्कळ ठिकाणीं पायथ्याच्या एक-दोन लिफ्टांचें वेगळें, अत्यंत स्वस्त तिकीट मिळतें. यूटाह, कोलोरॅडो यांसारख्या राज्यांत ठराविक इयत्तांच्या शाळकरी मुलांसाठीं नाममात्र दराचे पास असतात. तेथें राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीं त्यांची चौकशी अवश्य करावी. दुसऱ्याच्या नांवाचा पास विकत घेऊं नये. त्यावर छायाचित्र असतें, आणि पैशांबरोबर पतही जाते. आणि पैसे परत मिळण्याच्या अटी वाचाव्या. २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें अमेरिकेंतील स्थानें हंगाम संपण्यापूर्वींच बंद झालीं, तेव्हां या बारीक अक्षरांतील अटींचें मोल अनेकांना कळलें.

गुलमर्गचा नियम मात्र निराळा आहे. तेथें पाळण्याचे पैसे फेरीगणिक द्यावयाचे असतात, आणि जोराचा वारा सुटला किंवा हिमलोटाचें भय असलें कीं दुसरा टप्पा बंद ठेवतात. म्हणून तेथें चार दिवसांऐवजीं आठ दिवसांची सवड काढणें हीच खरी काटकसर. जो दोनच दिवसांसाठीं जातो, त्याचें स्वस्त तिकीटही महाग पडण्याचा संभव असतो.

आतां शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्या उतारावर, ज्या वादळानें उत्तम हिम पडतें, त्याच उतारावर, त्याच वादळानंतर हिमलोट कोसळण्याचें भय सर्वांत अधिक असतें. आल्ट्याच्या खोऱ्यांत अनेक दशकें लष्करी तोफांचे गोळे डागून सांचलेलें हिम मुद्दाम पाडण्यांत येई; आणि अजूनही धोक्याच्या वेळीं लोकांना घराबाहेर पडण्यास मनाई करतात. निसेकोंत आखलेल्या हद्दीबाहेर जाण्यासाठीं फाटकें आहेत. तीं बंद असतां दोराखालून जाणाऱ्याचें तिकीट काढून घेतलें जातें. गुलमर्गला २०२३ च्या १ फेब्रुवारीस अफरवटच्या उतारावर हिमलोटांत पोलंडचे दोन स्की खेळाडू मृत्युमुखीं पडले. एकाच पाळण्यानें चढून माणूस जेव्हां डावीकडच्या राखलेल्या उताराऐवजीं उजवीकडच्या न राखलेल्या उतारावर वळतो, तेव्हां तिकीट तेंच असलें तरी जोखीम तीच राहत नाहीं. हद्दीबाहेर जावयाचें असेल तर हिमाखालील माणूस शोधणारें यंत्र, फावडें, चांचपणीची लांब काठी आणि तीं वापरण्याचें शिक्षण पाहिजे. स्थानिक वाटाड्याही पाहिजे. तिकिटांत वांचलेले पैसे खर्च करावयाचे ते येथें.

जगाची हवा तापत चालली आहे आणि हिंवाळे बेभरंवशाचे होत आहेत. खुद्द यूटाहचें खारें सरोवर २०२२ मध्यें नोंदी ठेवूं लागल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीला गेलें होतें. अशा काळांत आगाऊ सवलत अधिक मोहक होत जाईल. कारण जोखीम दुसऱ्याला विकण्याची कंपन्यांची निकडही वाढत जाईल. ती सवलत घेऊं नये असें मी म्हणत नाहीं. घ्यावी, पण जी जोखीम सोसेल तेवढीच घ्यावी. डोंगर निवडावा तो अनेक वर्षांच्या सरासरीवर, दिवस निवडावा तो वादळ पाहून, आणि उतार निवडावा तो त्या सकाळच्या इशाऱ्याप्रमाणें. एवढा विवेक ठेवला, तर थोड्या पैशांतही तें पिठीसाखरेसारखें हिम सामान्य माणसाच्या वांट्याला येईल, आणि तें भोगून तो सुखरूप घरीं परतेल.